अंबडच्या माळवदात तीन अ‍ॅम्प्लिफायर

पंखा बंद होतो आणि खोलीतले लपलेले आवाज वर येतात. गल्लीच्या टोकाला कुणीतरी मोटारसायकलला किक मारतं, परसातल्या हौदावरचा नळ ठिबकतो, भिंतीवरचं घड्याळ चालतं. वैशाखाची दुपार कलली आहे. बाहेर पारा बेचाळीसच्या आसपास असेल, पण हे माळवदाचं घर आहे, भिंती हात-दीड हात जाड आहेत, त्यामुळे आत बसवतं तरी.

"पंखा चालू ठेवला तर तंबोऱ्याची जवारी कोणत्याच मशीनवर कळायची नाही," भाई सांगतात. "येऊ द्या थोडा घाम."

भाई जालन्याच्या सदर बाजारात रेडिओ-टेप दुरुस्त करत म्हातारे झालेत. वाल्वचे रेडिओ, ट्रान्झिस्टर, कॅसेट डेक, मंडपवाल्यांची मशीनं, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं आहे. आज ते एसटीनं अंबडला आलेत, पिशवीत मल्टिमीटर, वायरी, दोन-तीन स्क्रू ड्रायव्हर. कारण आज सरांना अ‍ॅम्प्लिफायर निवडायचा आहे.

सरांची अख्खी नोकरी शाळेत संगीत शिकवण्यात गेली. बाहेरच्या लोकांना अंबड माहीत असतं ते मत्स्योदरी देवीमुळे. गाण्यातली माणसं मात्र या गावाला पंडित गोविंदराव जळगावकरांचं गाव म्हणून ओळखतात, इथल्या दत्तजयंतीच्या संगीत महोत्सवामुळे ओळखतात. सर त्याच हवेत वाढलेले. १९६८ साली परभणीचं आकाशवाणी केंद्र सुरू झालं तेव्हा ते शाळकरी पोर होते. घरातल्या रेडिओला कान लावून गाणं ऐकायची सवय तेव्हाची. पुढे पगारातून रेकॉर्ड जमवल्या. त्यांची ट्रंक आता उघडी आहे. किशोरी आमोणकरांचा भूप, मल्लिकार्जुन मन्सूर, उस्ताद थिरकवांचा एकल तबला, भीमसेनजींची 'अभंगवाणी'. कव्हरांच्या कडा झिजल्यात, पण तबकड्या स्वच्छ आहेत. जुन्या अ‍ॅम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर मागच्या उन्हाळ्यात जळाला आणि तेव्हापासून ही ट्रंक मुकी पडलेली आहे.

सतरंजीवर तीन यंत्रं मांडली आहेत. सरांचा मुलगा पुण्याहून येताना संभाजीनगरच्या मित्राकडून डेनॉन पीएमए-६०० एनई मागून घेऊन आलाय. दुसरं यामाहा ए-एस ३०१, जालन्यातल्या एका परिचितांनी दोन दिवसांसाठी दिलेलं. तिसरा ऑनलाइन मागवलेला एक पत्र्याचा डबा, तळहातावर मावेल एवढा, त्याच्याबरोबर लॅपटॉपला असतो तसा अ‍ॅडॉप्टर. तिन्हींचं काम एकच. टर्नटेबल, सीडी, मोबाइल यांतून हवं ते निवडायचं, आवाज कमी-जास्त करायचा आणि स्पीकरचा पडदा हलेल इतकी ताकद द्यायची. ही सगळी कामं एका पेटीत बसवली की तिला इंटिग्रेटेड अ‍ॅम्प्लिफायर म्हणतात.

डेनॉनच्या माहितीपत्रकात लिहिलंय ४५ वॉट, यामाहाच्या ६०. छोट्या डब्यावर मोठ्या अक्षरांत छापलंय १००+१००.

मुलाचा कल त्या डब्याकडे आहे. "बाबा, सगळ्यात ताकदवान तर हाच दिसतोय, आणि किंमत दहावा हिस्साही नाही."

भाई काही न बोलता अ‍ॅडॉप्टर उलटा करतात आणि सरांच्या शिष्येपुढे धरतात. मुलगी बारावीला आहे, गाणं शिकते, चष्मा सावरत वाचते, "२४ व्होल्ट, साडेचार अँपिअर."

"गुणाकार कर."

"१०८."

"भिंतीतून १०८ वॉट आत येणार. मग बाहेर २०० कुठून काढणार हा?"

मुलगा हसत नाही, मान हलवतो. त्याला पटलंय. मला आपल्या गावोगावची नव्वदच्या दशकातली दुकानं आठवतात, जिथे प्रत्येक टेपरेकॉर्डरवर पीएमपीओ नावाचा चारआकडी वॉटचा आकडा चिकटवलेला असे. क्षणभराचा कमाल झटका मोजून, तोही कसाबसा, छापलेला तो आकडा होता. सलग, स्वच्छ, दोन्ही चॅनल एकदम चालू असताना किती वॉट मिळतात हाच खरा प्रश्न, आणि तो विचारणारी गिऱ्हाइकं अजूनही कमीच भेटतात. डेनॉन आणि यामाहाचे आकडे लहान दिसतात कारण ते आठ ओहमला मोजलेले, प्रामाणिक आकडे आहेत.

मी कागद ओढतो. सरांचे बुकशेल्फ स्पीकर आधीच घेऊन झालेत, आणि तेच बरोबर झालं. आधी स्पीकर ठरतो, मग त्याला झेपणारं आणि त्याला पुरणारं यंत्र. मागच्या पट्टीवर छापलंय ६ ओहम, ८७ डेसिबल. म्हणजे एका वॉटला एक मीटरवर साधारण ८७ डेसिबल आवाज. सरांची खुर्ची तीन मीटरवर. अंतरामुळे आवाज उतरतो, दोन स्पीकरमुळे थोडा परत चढतो. एका वॉटला खुर्चीत ८० च्या आसपास डेसिबल पडतात. घरात मोठ्यानं बोलणाऱ्याचा आवाज साधारण तेवढाच असतो. दहापट ताकद दिली की दहा डेसिबल वाढतात, म्हणजे दहा वॉटला ९०. बारा बाय चौदाच्या खोलीत ख्याल ऐकायला याहून जास्त कुणाला हवं? तबल्याच्या थापेला, तानेच्या टोकाला क्षणभर लागणारी जादा ताकद धरली तरी ४५ वॉट पुरून उरतात. आणि ४५ व ६० मधला फरक किती? सव्वा डेसिबल. कान लावून बसलं तर कळेल न कळेल, एवढाच.

"म्हणजे वॉटवर भांडायचंच नाही," सर म्हणतात.

"वॉटवर नाही सर," भाई म्हणतात. "लाइटीवर भांडा."

ते मीटरच्या काड्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालतात. २१२. दुपारी पोहोचल्यावर हाच आकडा २३५ होता. गावाभोवतीच्या मोसंबीच्या बागांना पाणी सुटलंय, शेतीपंप चालू झालेत. २३० वरून व्होल्टेज आठ टक्क्यांनी पडलं की अशा अ‍ॅम्प्लिफायरची कमाल ताकद पंधरा टक्क्यांनी पडते, साठाचे एक्कावन्न होतात. कानाला ते जाणवतही नाही. भाईंना चिंता वेगळी आहे. डीपीवर न्यूट्रल तुटला तर घरात २३० ऐवजी साडेतीनशे, कधी चारशेच्या घरात व्होल्टेज शिरतं आणि जे जे चालू असेल ते जळतं. सरांचं जुनं यंत्र त्यातच गेलं असणार, असा त्यांचा अंदाज. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर कुठलाही आणा, त्याच्या आधी व्होल्टेज मर्यादेबाहेर गेलं की वीज तोडणारा कटऑफ बसवा, आणि त्याच्याही आधी अर्थिंग. या घराच्या अर्थिंगच्या खड्ड्यात कित्येक वर्षांत पाणी पडलेलं नाही. मुलाचा एक भाऊ अमेरिकेतून स्वस्तात मशीन पाठवतो म्हणत होता. तिकडचं यंत्र १२० व्होल्टचं, तो विषय भाई एका वाक्यात मिटवतात.

काकू मोसंबीच्या रसाचे पेले आणून ठेवतात. घरच्या बागेतली फळं आहेत. रस पिता पिता भाई टर्नटेबल जोडतात.

पहिल्याच प्रयत्नात दोन्ही स्पीकरमधून पिंपात अडकलेल्या भुंग्यासारखा आवाज येतो. हमिंग. रेकॉर्डची सुई जेमतेम पाच मिलिव्होल्टचा सिग्नल देते. सीडी प्लेअर देतो दोन व्होल्ट, चारशेपट. म्हणून रेकॉर्डसाठी वेगळा फोनो विभाग लागतो, तो सिग्नल वाढवतो आणि रेकॉर्ड कापताना मुद्दाम कमी केलेला खर्ज परत भरून काढतो. एवढ्या नाजूक सिग्नलमध्ये विजेची घरघर शिरायला वेळ लागत नाही. टर्नटेबलची बारीक काळी अर्थ वायर लोंबकळत राहिली आहे. भाई ती अ‍ॅम्प्लिफायरच्या मागच्या स्क्रूखाली दाबतात, भुंगा गप्प होतो. डेनॉन आणि यामाहा दोन्हींत फोनो विभाग आहे. डब्यात नाही, त्याला वेगळा जोडावा लागणार.

आता सगळ्यात महत्त्वाचं काम. भाई मोबाइलवर १०० हर्ट्झचा सलग सूर लावतात आणि स्पीकरच्या टोकांवर मीटर धरून प्रत्येक यंत्राचा आवाज बरोबर एक व्होल्टवर आणतात. १०० च का? कारण साधे मीटर उंच सुरांना चुकीचा आकडा दाखवतात. व्हॉल्यूमच्या बटणांवर पट्टी चिकटवून खुणा करतात. दोन यंत्रांपैकी एकाचा आवाज अर्धा डेसिबल जरी वर असला तरी कान त्यालाच चांगलं म्हणतो. आवाज मोठा झालाय हे कळत नाही, गाणं 'भरदार' झालंय असं वाटतं. दुकानात ही काळजी घेतली जात नाही, आणि मग माणूस जो जोरात वाजला तो घरी आणतो.

यंत्रांवर चादर पडते. कोणतं चालू आहे हे फक्त भाईंना ठाऊक. क, ख आणि ग.

"आधी तंबोरा," सर म्हणतात.

कोपऱ्यातला मिरजेचा तंबोरा मुलगी खोळीतून काढते, लावते. चार तारा. जवारी उघडते आणि खोलीत सुरांचं एक वलय उभं राहतं, एकाच तारेतून वरचे सूर सुटत राहतात. थोडा वेळ ती फक्त छेडत राहते. कान स्वच्छ होतो. खरा तंबोरा खऱ्या खोलीत कसा वाजतो हे आता ताजं आहे. कुठल्याही कंपनीच्या कागदावर न मिळणारी ही मोजपट्टी या घरात भिंतीला टेकून उभी आहे, आणि मला वाटतं मराठवाड्यातल्या, महाराष्ट्रातल्या हजारो घरांत ती असेल.

तंबोरा थांबतो. सुई टेकते. भूप.

क वर स्वर येतो तेव्हा कुणी हलत नाही. मागचा तंबोरा आलापाच्या दोन वाक्यांमधल्या जागेत स्पष्ट दिसतो. स्वर सोडला की तो वर येतो, स्वर लागला की मागे सरतो. ख वर तीच जागा. सर डोळे मिटून आहेत. "ख मोकळा वाटतो," ते म्हणतात. भाई न सांगता अदलाबदल करतात. सर पुन्हा म्हणतात, "हा ख ना? मोकळा आहे." तो क असतो. मुलगी दोनदा बरोबर ओळखते, दोनदा चूक. मलाही सांगता येत नाही. थिरकवांचा तबला लावला जातो. बायाची मींड, तळवा घासत नेलेला तो खालचा स्वर, दोन्हींवर सारखाच घट्ट, सुटा, कुठेही फुगत नाही. दायाची चाट कोरडी, नेमकी.

ग मात्र मुलगी दर वेळी पकडते. गाणं थांबल्यावर. "मागे सूं ऐकू येतं," ती म्हणते. आणि खरंच, दोन तुकड्यांमधल्या शांततेत स्पीकरजवळ बारीक सूं-सूं आहे. गाणं चालू असताना ग वाईट नाही, उलट एवढ्याशा डब्याकडून अपेक्षेपेक्षा पुष्कळ स्वच्छ आहे, हे मी मोकळेपणानं लिहितो. डब्यातलं क्लास-डी तंत्र आता पूर्वीसारखं खरखरीत राहिलेलं नाही. त्यातली मोठी, नीट बांधलेली यंत्रं उत्तम असतात. पण 'अभंगवाणी' लावून भाई आवाज चढवतात तेव्हा डब्याचा श्वास संपतो. टाळ, तबला, भीमसेनजींचा चढा स्वर एकदम येतात आणि टाळांची किणकिण फुटून काचेसारखी चिरते. भाई लगेच खाली आणतात. अ‍ॅम्प्लिफायर कमी पडला की सिग्नलची डोकी छाटली जातात आणि त्यातून निघणारे कर्कश उंच सूर आधी ट्वीटरला, म्हणजे उंच सुरांच्या छोट्या स्पीकरला, जाळतात. स्पीकर जळतो तो नेहमी मोठ्या मशीनमुळेच जळतो असं नाही, लहान मशीन पिळल्यानंही जळतो.

चादर निघते. क डेनॉन, ख यामाहा.

सर जरा गोंधळलेत. दिवसभर यासाठीच तर बसलो होतो, आणि दोन्हींत फरक लागत नाही? मला मात्र हाच आजचा खरा निकाल वाटतो. नीट बांधलेली दोन यंत्रं, त्यांच्या ताकदीच्या आत, एकाच आवाजावर, एकाच स्पीकरवर चालवली की ती जवळजवळ सारखीच वाजतात. त्यांच्या स्वभावाबद्दल, उबदारपणाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं त्यातलं बरंचसं आवाज न जुळवता ऐकण्यातून आलेलं असतं. मग निवड करायची ती ऐकणाऱ्याच्या रोजच्या वागण्यावरून.

"सर, तुम्ही गाणं कधी ऐकता?" भाई विचारतात.

"रात्री. सगळे झोपल्यावर. अगदी हळू."

म्हणून आम्ही रात्रीची वाट बघतो. जेवणं होतात. ज्वारीची भाकरी, पिठलं, ठेचा. साडेदहाला गल्ली निजते, भाई बटण जवळजवळ शून्यावर आणतात. व्हॉल्यूमच्या बटणाच्या अगदी सुरुवातीला दोन्ही चॅनल सारखे वाढतातच असं नसतं. एक कान आधी उघडतो, गायिका मध्यभागातून बाजूला सरकते. डब्यात ते ठळकपणे होतं. बाकीची दोन्ही यंत्रं या आवाजावर ठीक आहेत.

दुसरी अडचण यंत्राची नाही, माणसाच्या कानाची आहे. आवाज हळू केला की कानाला खर्ज सगळ्यात आधी कमी ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ मध्ये ते मोजून दाखवलं. म्हणूनच रात्री तंबोऱ्याची खर्जाची तार हरवते. यामाहाच्या तोंडावर लाउडनेसचं बटण आहे, नुसतं चालू-बंद नाही, फिरवत नेता येणारं. भाई पुस्तिका चष्म्याजवळ नेऊन वाचतात. आधी व्हॉल्यूम आपल्या सगळ्यात मोठ्या ऐकण्याच्या पातळीवर ठेवायचा, मग लाउडनेसनं हळूहळू खाली यायचं. ते तसं करतात. आवाज उतरत जातो, शेजारच्या खोलीतही जाणार नाही इतका, आणि खर्जाची तार जागेवर राहते.

मुलगी चटकन मान वर करते. "सा आला."

सर पुढे होऊन यंत्राच्या चेहऱ्यावरची खूण बघतात. तीन सूरकाटे, एकमेकांत गुंफलेले. मी त्यांना सांगतो की १८८७ साली तोराकुसु यामाहा यांनी जपानमधल्या हामामात्सुच्या शाळेतला बिघडलेला रीड ऑर्गन दुरुस्त केला आणि तिथूनच ही कंपनी सुरू झाली. पेटीच्याच कुळातलं वाद्य. सरांचा हात आपोआप स्वतःच्या पेटीच्या भात्यावर जातो. डेनॉनचं मूळही काही परकं नाही, १९१० सालच्या जपानी ग्रामोफोन कंपनीपर्यंत ते जातं, आणि डेनॉनमध्ये ब्लूटूथ आहे, मोबाइलवरून ऐकणाऱ्या मुलीच्या पिढीला ते सोयीचं. यामाहाच्या या मॉडेलला ब्लूटूथचा वेगळा रिसीव्हर लावावा लागेल. मुलगा तो देतो म्हणतो.

भाई शेवटी यंत्र कुठे ठेवणार ते बघतात. काचेचं शोकेस. ते नको म्हणून हात हलवतात. यामाहासारखं क्लास-एबीचं यंत्र गाणं वाजत नसतानाही तापतं. बेचाळीस अंशांच्या गावात त्याला बंद काचेत कोंडलं तर आतले कपॅसिटर लवकर सुकतात. वर वीतभर मोकळी जागा, मागे हवा, आणि आठवड्याला एकदा कोरड्या फडक्यानं धूळ. मग ते यामाहा दोन्ही हातांनी उचलतात, नऊ किलो. "ट्रान्सफॉर्मर आहे आत, आणि सुटे पार्ट आहेत. दहा वर्षांनी काही झालं तर जालन्यातलं पोरगंही उघडू शकेल," ते म्हणतात. डब्यात सगळं एका चिपवर आहे, चिप गेली की डबा गेला.

सर ठरवतात. यामाहा. पण बिल नंतर. उद्या सकाळी इलेक्ट्रिशियन येईल, अर्थिंगचा खड्डा उकरून नवा करेल, कटऑफ बसवेल. सरांनी यासाठी ठरवलेल्या चाळीस हजारांतून त्याची मजुरी आणि टर्नटेबलच्या नव्या सुईचे पैसे आधी बाजूला निघतील.

माझं मत मी भाईंबरोबर जालन्याच्या गाडीत बसण्याआधी सरांना सांगतो, आणि अंबड, परतूर, भोकरदन, कुठेही घरात रेकॉर्डची ट्रंक मुकी पडलेल्यांनाही तेच सांगेन. आपली रेकॉर्ड बगलेत मारून दुकानात जा, दोन्ही यंत्रांचा आवाज मीटरनं जुळवून मागा, तुम्ही घरी ऐकता तेवढ्याच हळू ऐका, आणि पैसे मोजण्याआधी घरातलं अर्थिंग तपासून घ्या.